हशा पिकतो कसा: कॉमेडी क्लबमधले दीड तास

एखाद्या कॉमेडियनची क्लिप घरी एकट्याने पाहिली तर ओठ जेमतेम हलतात. तोच माणूस, तेच बोलणं शंभर अनोळखी लोकांत बसून ऐकलं की डोळ्यांतून पाणी येतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी काही जणांना स्वतःच्या हसण्याच्या नोंदी ठेवायला लावल्या होत्या. टीव्ही, पुस्तक वगैरेंची सोबत वगळली तर माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे ३० पट तो इतरांमध्ये असताना हसतो, असं त्यातून दिसलं. कॉमेडी क्लबचा धंदा या ३० पटीवर उभा आहे. खुर्च्या कशा मांडायच्या, दिवे किती ठेवायचे, आधी कोण बोलणार, बिल कधी आणायचं, हे सगळं त्याच हिशोबाने ठरतं. प्रेक्षकाला मात्र वाटतं, आज मूड चांगला होता.

तिकीट कशाचं काढलंत?

पहिल्यांदा जाणाऱ्यांची निराशा होते ती बहुतेक वेळा इथेच. बुकिंगच्या अ‍ॅपवर सगळंच ‘स्टँडअप’ म्हणून दिसतं, पण त्यात चार-पाच वेगळे प्रकार असतात.

ओपन माइकमध्ये दहा-पंधरा जण येतात आणि प्रत्येकाला चार-पाच मिनिटं मिळतात. तिकीट साधारण १०० ते २०० रुपये, कधी फुकट. यातले काही जण आयुष्यात दुसऱ्यांदा माइक धरत असतात, तर काही मुरलेले कॉमेडियन नवीन दोन मिनिटं तपासायला आलेले असतात. पंधरातले तीन चांगले निघाले तर संध्याकाळ बरी गेली म्हणायची. लाइनअप शोमध्ये एक होस्ट आणि तीन ते पाच कॉमेडियन असतात. प्रत्येकाचा १० ते १५ मिनिटांचा सेट आणि शेवटी सगळ्यात तयारीचा माणूस, म्हणजे हेडलायनर. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून हेच घ्यावं, कारण एक आवडला नाही तर पंधरा मिनिटांत दुसरा येतो. सोलो म्हणजे एकाच कॉमेडियनचा तासाभराचा कार्यक्रम, आधी ओपनरची, म्हणजे सुरुवात करून देणाऱ्या दुसऱ्या कॉमेडियनची, दहा मिनिटं. ट्रायल म्हणजे तोच सोलो, पण कच्चा. कॉमेडियनच्या हातात कागद असेल, मध्येच तो अडखळेल, ‘हे चाललं नाही’ म्हणून काट मारेल. तिकीट स्वस्त असतं ते त्यामुळेच. आणि स्पेशलचं, म्हणजे व्हिडिओ म्हणून प्रसिद्ध करायच्या सोलोचं, चित्रीकरण असेल तर कॅमेरे असतात, दिवे नेहमीपेक्षा जास्त असतात, शिवाय एकाच संध्याकाळी दोन प्रयोग होतात. दोन्हींत कॉमेडियनचे कपडे तेच असतात, म्हणजे संकलनात कुठलाही तुकडा कुठेही जोडता येतो.

भाषाही पाहून घ्यावी. मुंबईतल्या लाइनअपमध्ये हिंदी-इंग्रजीची सरमिसळ असते. मराठी स्टँडअपला ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीसारख्या मंडळींमुळे २०१६ नंतर प्रेक्षक मिळाला, पण हे शो क्लबपेक्षा छोट्या नाट्यगृहांत किंवा सभागृहांत जास्त होतात, आणि त्याने अनुभव बराच बदलतो. त्याबद्दल पुढे येईलच.

खोली

क्लबची खोली मुद्दाम थोडी गैरसोयीची असते. छत खाली, खुर्च्या चिकटून, शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागेल इतक्या. छत खाली असलं की हसण्याचा आवाज परत लोकांवरच पडतो. छत उंच असलं की तो वर विरून जातो आणि दोनशे लोक हसूनही पन्नास हसल्यासारखे वाटतात. प्रेक्षकांवर अंधार असतो, कारण आपण हसताना कुणाला दिसत नाही हे कळलं की माणूस मोकळा होतो. म्हणून शो सुरू असताना कुणी मागचं दार उघडून व्हरांड्याचा उजेड आत सोडला की हशा खाली बसतो.

रिकाम्या खुर्च्या सगळ्यात वाईट. शंभराच्या खोलीत चाळीस जण विखरून बसले तर प्रत्येक जण एकटा हसतो, म्हणजे हसत नाही. तेच चाळीस पुढच्या चार रांगांत दाटीने बसले तर खोली भरल्यासारखी वागते. दारावरचा माणूस ‘पुढे बसा’ म्हणून मागे लागतो तो यासाठी. आपण मात्र सवयीने मागची कोपऱ्यातली जागा शोधतो.

स्टेजवर फारसं काही नसतं. एक माइक, स्टँड, स्टुलावर पाण्याची बाटली. मागे बऱ्याचदा उघड्या विटांची भिंत असते किंवा तशी छापलेली. १९६३ साली न्यू यॉर्कमध्ये बड फ्रीडमन यांनी काढलेल्या ‘इम्प्रॉव्ह’ या क्लबमध्ये अशी भिंत होती, पुढे ती कॉमेडी क्लबची खूणच झाली. कॉमेडियन आल्या आल्या माइक काढून घेतो आणि रिकामा स्टँड उचलून मागे ठेवतो, कारण मध्ये उभी दांडी असली की त्याचे हातवारे कापले जातात. स्टँड तिथेच ठेवून, तो घट्ट धरून कुणी बोलत असेल तर माणूस नवा आहे किंवा घाबरलेला आहे, असं समजायला हरकत नाही. (काही जण मात्र आयुष्यभर स्टँडवरच बोलतात आणि उत्तम बोलतात.)

होस्टची दहा मिनिटं

शोमधलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी कौतुकाचं काम होस्टचं. तो येतो तेव्हा लोक ट्रॅफिकमधून आलेले असतात, अर्धे वेटरला शोधत असतात आणि शेजारी कोण बसलंय याचा अंदाज घेत असतात. धंद्याच्या भाषेत रूम ‘थंड’ असते. आठ-दहा मिनिटांत तिला तापवायची असते.

‘कुठून आलात?’, ‘काय करता?’, ‘लग्न झालंय का?’ हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात, पण त्यांची कामं दोन. पहिलं म्हणजे वेगवेगळ्या घोळक्यांतून आलेल्या लोकांना एकमेकांची ओळख होते. डोंबिवलीचा सीए आणि त्याच्या शेजारी बसलेले त्याचे सासरे आता सगळ्या खोलीच्या ओळखीचे झाले. दुसरं म्हणजे होस्टला खोलीचा अंदाज येतो: ऑफिसचा मोठा ग्रुप कुठे बसलाय, पिऊन आलेलं टेबल कुठलं, आई-वडिलांना घेऊन आलेलं कुणी आहे का. ही माहिती तो मागे उभ्या असलेल्या पुढच्या कॉमेडियनपर्यंत पोचवतो. टाळ्यांची तालीमही तो करून घेतो. ‘जोरात, अजून जोरात’ हा पोरकटपणा वाटतो खरा, पण एकदा मोठा आवाज काढलेला माणूस पुढच्या वेळी मोठ्याने हसायला लाजत नाही.

दोन सेटच्या मध्येही होस्ट येतो. आधीचा कॉमेडियन आपटला असेल तर दोन मिनिटं जास्त घेऊन खोली सावरायची, भन्नाट झाला असेल तर नुसतं नाव पुकारून बाजूला व्हायचं. होस्ट कच्चा असेल तर पुढच्या तिघांचा निम्मा वेळ त्याचं काम करण्यात जातो, आणि प्रेक्षक म्हणतात, ‘सुरुवातीचे दोघं काही खास नव्हते.’

एक विनोद, जवळून

समजा, कॉमेडियन म्हणाला:

‘आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली. सेक्रेटरींनी नोटीस लावली. लिफ्ट बंद आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. लावली कुठे? लिफ्टच्या आत.’

पहिली तीन वाक्यं म्हणजे सेटअप. ती ऐकून आपण मनात एक चित्र काढतो, तळमजल्यावर चिकटवलेल्या कागदाचं. ‘लिफ्टच्या आत’ हा पंच ते चित्र मोडतो. तोच मजकूर ‘लिफ्टच्या आत नोटीस लावली होती की लिफ्ट बंद आहे’ असा सांगितला तर कुणी हसणार नाही, कारण चित्र तयार व्हायच्या आतच गुपित फुटलं. मराठीत ही अडचण जरा जास्त, कारण आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. ‘नोटीस त्यांनी लिफ्टच्या आत लावली होती’ असं सरळ बोललं तर लोक ‘आत’वर हसायला लागतात आणि ‘लावली होती’ हशात बुडून जातं. म्हणून मराठी कॉमेडियन क्रम मोडतात, स्वतःच प्रश्न विचारतात आणि उत्तराचे दोन शब्द शेवटी ठेवतात.

पंचनंतर येतात ते टॅग: ‘सातव्या मजल्यावर अडकलेल्या काकूंनी वाचली. वाचून खाली सही पण केली.’ नवं चित्र उभं करायचा खर्च नाही, त्याच चित्रावर दुसरा आणि तिसरा हशा. मुरलेल्या सेटमध्ये दर १५-२० सेकंदांनी एक हशा येतो तो अशा टॅगांमुळे, विनोदांची संख्या जास्त असते म्हणून नव्हे. आणि मग वीस मिनिटांनी लग्नाबद्दल बोलता बोलता तो म्हणतो, ‘नियम असतात ना, सगळे नियम लिहिलेले असतात. कुठे? लिफ्टच्या आत.’ हा कॉलबॅक. याला सगळ्यात मोठा हशा पडतो, कारण त्यात खोलीतले सगळे सामील असतात. उशिरा आलेल्या जोडप्याला मात्र काहीच कळत नाही.

हशाचीही एक चाल असते. तो झपकन चढतो, क्षणभर टिकतो आणि तीन-चार सेकंदांत ओसरतो. ओसरायला लागला की पुढचं वाक्य यायला हवं. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलं तर खोली थंडावते. हशा टिपेला असतानाच बोललं तर वाक्य ऐकू येत नाही, आणि खरा तोटा त्यानंतर होतो: असं दोन-तीनदा झालं की पुढचं चुकायला नको म्हणून लोक हसणं आवरतं घेतात. नवे कॉमेडियन घाईत आपलाच हशा मारतात तो असा.

दमणूक

हसणं म्हणजे तुटक तुटक श्वास सोडणं. प्रोव्हाइन यांच्या मोजणीनुसार ‘हा-हा’मधला प्रत्येक ‘हा’ सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा, आणि सुमारे एक-पंचमांश सेकंदाने पुढचा. पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू सतत कामाला लागतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या चमूने एडिंबराच्या फ्रिंज महोत्सवातल्या प्रेक्षकांवरही प्रयोग केले. सोबतीने खळखळून हसल्यावर माणसाची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली आढळली; एंडॉर्फिन या शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक रसायनामुळे हे होत असावं, असं त्यांचं म्हणणं. शोनंतर अंगात हलकेपणा येतो आणि शेजारचा अनोळखी माणूसही बरा वाटायला लागतो, त्याचं कारण यात असू शकतं.

पण शरीर दमतंच. साधारण ५० मिनिटांनंतर त्याच दर्जाचा विनोद कमी हशा घेतो. जाणकार कॉमेडियन तिथे वेग कमी करतात, एखादी लांब गोष्ट सांगतात, लोकांना श्वास घेऊ देतात आणि शेवटच्या दहा मिनिटांसाठी सगळ्यात भक्कम सामान राखून ठेवतात. शो ७५ ते ९० मिनिटांत आटपतात ते यामुळे. लंडनच्या क्लबांत मध्यंतर असतं, बारचा गल्ला त्यावरच चालतो. मुंबईत सहसा नसतं, त्यामुळे आधीच जाऊन यावं.

मागच्या भिंतीवर मध्येच एक छोटा लाल दिवा लागलेला दिसला, किंवा कुणी मोबाइलचा टॉर्च दाखवला, तर तो स्टेजवरच्या माणसासाठी असतो: एक-दोन मिनिटं उरली, गुंडाळा. दिवा दिसूनही बोलत राहणं हा या धंद्यातला मोठा अपराध, कारण तो वेळ दुसऱ्याच्या सेटमधून जातो.

पहिली रांग आणि मागचे आवाज

पहिल्या रांगेची भीती निम्मी खरी आहे. स्टेजवरचा दिवा डोळ्यांवर असतो, त्यामुळे कॉमेडियनला दोन-तीन रांगाच नीट दिसतात, पुढे काळोख. बोलायचं नसेल तर चौथ्या रांगेत मधोमध बसावं. पुढे बसलातच आणि प्रश्न आला तर खरं आणि थोडक्यात उत्तर द्यावं. ‘बँकेत आहे’ इतकं पुरतं. विनोदी उत्तर द्यायला गेलं की दोन कॉमेडियन होतात आणि एकाकडेच माइक असतो. गप्प बसून मान हलवली तर तो दहा सेकंदांत दुसऱ्याकडे वळतो. बहुतेक जण सुरुवातीला ज्याची मस्करी करतात, त्यालाच शेवटी टाळ्या मिळवून देतात. न देणारा कॉमेडियन खोलीची सहानुभूती गमावतो.

मागून येणारे आवाज मात्र नुकसानच करतात. हेकलिंग, म्हणजे प्रेक्षकांतून मध्येच ओरडणं, ही शिवीगाळच असते असं नव्हे. ‘हो हो, आमच्याकडे पण!’ असं कौतुकाने ओरडणाराही सेटअपच्या मधोमध घुसतो, आणि अर्धवट चित्र पुसलं जातं. शेजाऱ्याला विनोद समजावून सांगणारे, बायकोच्या कानात भाषांतर करणारे, हेही त्याच यादीत. लंडनच्या सोहोमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या कॉमेडी स्टोअरमध्ये नवख्यांना घालवायला चक्क घंटा असायची आणि प्रेक्षकांचा गोंगाट हा तिथल्या करमणुकीचाच भाग होता. त्याच क्लबची शाखा २०१० मध्ये मुंबईत लोअर परळला, पॅलेडियममध्ये आली, तेव्हा खोलीची मांडणी आणि शोची शिस्त आली. घंटेची परंपरा इथे रुजली नाही, हे बरंच झालं.

आपली अडचण वेगळी आहे. नाट्यगृहात वाढलेला मराठी प्रेक्षक चांगल्या वाक्याला ‘वा’ म्हणतो आणि टाळ्या देतो. एकपात्रीला ते शोभतं. स्टँडअपवाला टाळ्यांनी थोडा धास्तावतो, कारण टाळी ठरवून वाजवता येते, हसू ठरवून येत नाही. टाळ्या वाढल्या आणि हशा घटला तर लोकांना मत पटलंय, विनोद झालेला नाही. त्यात नाट्यगृहाचं स्टेज उंच, पहिली रांग दूर, छत दोन मजले वर. क्लबमध्ये हमखास चालणारी पंधरा मिनिटं तिथे निम्मीच चालतात. त्यावर उपाय म्हणून काही आयोजक बाल्कनी बंद ठेवतात आणि प्रेक्षकांवरचे दिवे पूर्ण घालवतात.

बिल आणि मोबाइल

बऱ्याच अमेरिकी क्लबांत तिकिटाशिवाय किमान दोन पेयं घ्यावी लागतात. शो संपताच दुसऱ्या शोची रांग आत येणार असते, म्हणून बिलं शेवटच्या वीस मिनिटांत टेबलांवर येतात आणि सगळी खोली खाली मान घालून आकडेमोड करते. तेवढ्या वेळात बोलणाऱ्याच्या सेटला तिथे ‘चेक स्पॉट’ म्हणतात आणि तो कुणालाच नको असतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तिकिटातलीच काही रक्कम खाण्यापिण्यात वळती होते. बुक करताना ती अट वाचावी. ऑर्डर शो सुरू व्हायच्या आधी द्यावी. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे कॉलेजच्या मुलांनी ओळखपत्र ठेवावं.

रेकॉर्डिंगची बंदी मात्र खरोखर पाळावी. कॉमेडियन एक तासाचं सामान वर्ष-दीड वर्ष फिरवतो, आणि ते मोबाइलवरून बाहेर गेलं की पुढच्या गावात पंच आधीच माहीत असतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. सेटअपपासून तोडलेलं एक वाक्य फिरायला लागलं की तक्रारी, गुन्हे, धमक्या सुरू होतात आणि त्याची झळ जागेलाही बसते. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ या क्लबची तोडफोड झाली ती तिथे चित्रित झालेल्या एका कार्यक्रमाच्या व्हिडिओवरून. तो व्हिडिओ तर कलाकाराने स्वतःच प्रसिद्ध केलेला होता. तेव्हापासून सुरुवातीची सूचना जास्त कडक वाटत असेल तर नवल नाही. काही ठिकाणी दारातच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात.

स्टेजवर स्टुलावर एक मोबाइल उपडा ठेवलेला असतो, तो कॉमेडियनचा. त्यात फक्त आवाज टिपला जात असतो. दुसऱ्या दिवशी तो ऐकताना त्याचं लक्ष स्वतःच्या बोलण्यापेक्षा खोलीकडे असतं: हशा कुठे आला, किती सेकंद टिकला, कुठे फक्त मागच्या भिंतीशी उभे असलेले कॉमेडियनच हसले. फक्त ते हसले असतील तर ते बहुतेक वेळा त्याच्या फजितीला हसलेले असतात, त्यामुळे तो हशा धरायचा नाही. तीन-चार वेगवेगळ्या खोल्यांत जे वाक्य पडलं ते काढलं जातं, एखादा शब्द पुढे-मागे होतो आणि पुढच्या आठवड्यात तीच पाच मिनिटं साडेचारची होऊन परत ओपन माइकला येतात.